एअर विंगमध्ये गेलं की विमान उडवायला मिळतं का?

चाळीसगावकडच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी यंदा दहावीला आहे आणि तिच्या डोक्यात वैमानिक व्हायचं पक्कं बसलंय. जवळच्या कॉलेजात एनसीसी आहे, पण आर्मी विंगची. मग एअर विंगसाठी तिला अकरावीपासूनच नागपूरला किंवा पुण्याला ठेवायचं का? तिथे खरंच विमानात बसवतात का? आणि वर्षभर ही पोरं करतात तरी काय?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो: अकरावीसाठी घर सोडायची गरज नाही. पदवीच्या वेळी मात्र जरूर विचार करा. असं का म्हणतो ते समजायला एअर विंग आतून कशी असते ते माहीत हवं. लोक समजतात त्यापेक्षा ती बरीच जमिनीवरची गोष्ट आहे.

मी मूळचा अमळनेरचा. नागपूरला भौतिकशास्त्र शिकवलं आणि तिथेच कॉलेजच्या एअर विंगचा एएनओ होतो. एएनओ म्हणजे कॅडेट्सना सांभाळणारा कॉलेजातला प्राध्यापक-अधिकारी. निवृत्त होऊन जळगावात आलो, आता रविवारी शाळेच्या पोरांकडून मॉडेल विमानं करून घेतो.

एनसीसी पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून 15 जुलै 1948 ला सुरू झाली. एअर विंग आली 1 एप्रिल 1950 ला, मुंबई आणि कलकत्त्याला एकेक स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, घेऊन. आजही ती मोजक्याच शहरांत आहे आणि त्यात कुणाचा दुजाभाव नाही. आर्मी विंगला मैदान, रायफली आणि सुभेदार मिळाले की काम सुरू होतं. एअर विंगला विमान लागतं, हँगर लागतं, धावपट्टीवर वेळ मिळावा लागतो, वर हवाई दलाचे अधिकारी आणि इन्स्ट्रक्टर. महाराष्ट्रात हे मुंबई, पुणे आणि नागपूरच्या स्क्वाड्रनना जमलं. खानदेशातलं नशीब जरा गंमतीचं आहे. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, शिरपूरला आहे, जळगावला विमानतळ आहे, आणि खाजगी वैमानिक-प्रशिक्षणाची विमानं इथे सकाळपासून घिरट्या घालत असतात, कारण आभाळ बरंचसं मोकळं आणि वाहतूक कमी. पण एनसीसीच्या पोरांना त्यांच्याकडे मान वर करून पाहण्यापलीकडे काही मिळत नाही.

आता उडण्याचं. मिळतं, पण थोडं मिळतं. एअर विंगकडे दोन आसनी मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकी छोटी, विमानं असतात. पूर्वी झेनएअर होती, आता पिपिस्ट्रेल कंपनीचं व्हायरस एसडब्ल्यू 80 आहे, रोटॅक्सच्या ऐंशी अश्वशक्तीच्या इंजिनाचं. कॅडेट आणि वैमानिक शेजारी-शेजारी बसतात. हवा बरी, विमान सर्व्हिसिंगला गेलेलं नाही, धावपट्टी मोकळी आणि यादीत तुमचा नंबर वर, हे सगळं एका सकाळी जुळलं की उड्डाण होतं. कुठलंतरी एक चुकलं की पोरं गणवेश चढवून, नाश्ता करून, विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघत बसतात आणि दुपारी घरी जातात. स्पर्धेच्या संघात निवड झालेल्यांना जास्त तास मिळतात, बाकीच्यांना अनुभवापुरतं. त्यामुळे 'एनसीसीत जाऊन पायलट होईन' हा हिशोब घेऊन येणारी पोरं पहिल्या सहा महिन्यांत हिरमुसतात. ज्यांना विमान या वस्तूचंच वेड असतं ती टिकतात.

उड्डाणात काय होतं ते ऐका, कारण मुलीने हे मनात धरलेलं असेल. आधी वजन होतं, ब्रीफिंग होतं: काय धरायचं, काय धरायचं नाही, उलटी आली तर काय करायचं. मग पट्टे, हेडसेट. वर गेल्यावर थोडा वेळ दांडा हातात देतात. जवळजवळ प्रत्येक नवखा तो मुठीत आवळतो, एसटीच्या दांड्याला लोंबकळावं तसा. मग शेजारून आवाज येतो, 'दोन बोटांनी.' विमान नीट ट्रिम केलेलं, म्हणजे तोल साधून ठेवलेलं, असलं तर ते आपोआप सरळ चालतं, त्याला सारखं ढोसायचं नसतं. हे कळायला पुस्तकातली चार प्रकरणं कमी पडतात आणि हवेतली दोन मिनिटं पुरतात. दुसरी खोड म्हणजे डोळे काट्यांना चिकटणं. मायक्रोलाइट बाहेर बघून उडवतात, नाक क्षितिजाच्या किती वर-खाली आहे त्यावरून. मोबाइलवर विमानाचे खेळ खेळून आलेल्या पोरांना हे सोडवायला जास्त वेळ लागतो, असा माझा अनुभव.

उड्डाणं पहाटे लवकर का असतात, हे तर आपल्याकडच्या माणसाला सांगायलाच नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाला दम कमी पडतो, इंजिनाच्या पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, पकड सैल होते. तेच विमान तेवढ्याच वजनाने जास्त धावतं आणि सावकाश चढतं. शिवाय काळ्या जमिनीवरून गरम हवेचे लोट उठायला लागले की छोटं विमान खडबडीत रस्त्यावरच्या जीपसारखं आदळतं. नऊ-दहानंतर उन्हाळ्यात नवख्याला वर नेण्यात काही अर्थ नसतो.

मग उरलेलं वर्षभर काय? शनिवार-रविवारची परेड. 'परेड सावधान', 'दाहिने मुड़', 'तेज चल', 'थम'. पहिले तीन महिने हेच, आणि हे कंटाळवाणं असतं. त्याला रंगवून सांगण्यात मतलब नाही. परेडनंतर समोसा-केळी मिळतात, त्यासाठी येणारी पोरंही असतात, आणि त्यातलीच काही पुढे कॅडेट वॉरंट ऑफिसर झालेली मी पाहिली आहेत. वर्गात उड्डाणाची तत्त्वं, इंजिन, विमानाचा सांगाडा, उपकरणं, दिशाशोधन, हवामान, हवाई दलाची रचना. बारावीचं फिजिक्स ज्याचं नीट झालंय त्याला जड जात नाही. शिवाय .22 रायफलचं फायरिंग, आपत्ती व्यवस्थापन, रक्तदान, वृक्षारोपण आणि सगळ्या एनसीसीला असतं ते बाकीचं सगळं.

माझ्या मते एअर विंगचा खरा गाभा एअरोमॉडेलिंग आहे. विमान वर्षात एखाद-दोनदा भेटतं, मॉडेल रोज भेटतं.

सुरुवात चक ग्लायडरपासून, म्हणजे हाताने फेकायचं बाल्साचं ग्लायडर. बाल्सा हे लाकूड इतकं हलकं आणि मऊ की नखानेही खड्डा पडतो. ब्लेडने कापायचं, पॉलिश पेपरने पंखाला आकार द्यायचा: पुढची कड गोल, मागची पातळ. पोरं घासण्यात घाई करतात आणि डाव्या-उजव्या पंखाचा आकार वेगळा होतो. मग ग्लायडर एकाच बाजूला वळत राहतं आणि पोरगं वाऱ्याला शिव्या देतं. चिकटवल्यावर तोल बघायचा. पंखाखाली दोन बोटं ठेवायची, पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पाव ते एक-तृतीयांश भागात कुठेतरी ते आडवं तरंगलं पाहिजे. शेपटीकडे झुकत असेल तर नाकाला चिकणमाती लावायची. फेकलं आणि नाकाने जमिनीत घुसलं तर नाक जड. वर उसळून, थबकून, खाली पडून पुन्हा उसळलं तर शेपूट जड. ज्या पोरांनी संक्रांतीला धुळ्या-नंदुरबारला गच्चीवर पतंगाची कन्नी बांधलेली असते, ती हे पटकन पकडतात. कुठे बांधलं की पतंग गोते खातो हे त्यांच्या हाताला आधीच ठाऊक असतं, मी त्याला फक्त गुरुत्वमध्य असं नाव देतो.

फेकायचंही शास्त्र आहे. वर आभाळात भिरकवायचं नाही. वाऱ्याच्या तोंडावर उभं राहायचं, नाक किंचित खाली, आणि ग्लायडर स्वतः ज्या वेगाने तरंगेल त्या वेगाने हातातून सोडायचं. ट्रिमिंग सूर्य उगवतो-न उगवतो तोवर करून टाकायचं, कारण नंतर हवा हलायला लागते आणि चूक ग्लायडरची की हवेची ते कळेनासं होतं. ट्रिमिंग झालं की दुपारची हवा मजेची. कापणी झालेल्या कपाशीच्या रानावर घार पंख न हलवता गोल फिरताना दिसली की तिथे गरम हवेचा लोट आहे असं समजायचं. त्यात सोडलेलं ग्लायडर चढतच जातं. पोरं त्यामागे बांध ओलांडत पळतात आणि रानातला शेतकरी ओरडतो, 'उनमा कसाले मरस रे भाऊ!' म्हणजे उन्हात कशाला मरतोस. एखादं ग्लायडर परत येतच नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, ते चांगलं झालं होतं म्हणूनच गेलं.

त्यापुढे कंट्रोल-लाइन. मॉडेलला खरंच इंजिन, मिथेनॉल आणि एरंडेल तेलाचं इंधन. दोन तारा हातातल्या मुठीत, आणि विमान तुमच्याभोवती गरगर फिरतं. मूठ वाकवली की शेपटीची झडप हलते, विमान वर-खाली होतं. तुम्हालाही त्याच्यासोबत गोल फिरावं लागतं. नवखा काही फेऱ्यांत चक्कर येऊन बसतो. उपाय एकच: नजर विमानावर ठेवायची, मागचं जग बघायचं नाही. एरंडेलाचे काळपट डाग गणवेशावरून जात नाहीत, तेव्हा आयांनी जुना शर्ट द्यावा. आणि सुरू इंजिनाच्या पंख्यासमोर बोट नेणाऱ्या पोराला मी त्या दिवसापुरतं मैदानाबाहेर बसवत असे. छोटा पंखा दिसत नाही आणि तो हाडापर्यंत कापतो.

रेडिओ कंट्रोल शेवटी. तिथे एक स्थानिक सूचना: जळगाव, गोंदूर, शिरपूर यांच्या आसपास रिमोटचं विमान किंवा ड्रोन उडवू नका. तिथली प्रशिक्षणाची विमानं बऱ्याचदा खालून फिरत असतात. ड्रोन नियम 2021 पासून विमानतळांभोवतीचे झोन ठरलेले आहेत, आणि परवानगी घेणं ही उगाच कागदी भानगड नाही.

या सगळ्याचा शेवट ऑल इंडिया वायुसैनिक कॅम्पमध्ये होतो. देशभरातले संघ तिथे मॉडेलिंग, मायक्रोलाइट, ड्रिल आणि स्कीट शूटिंगला उतरतात. स्कीट म्हणजे हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने फोडणं. तिथे जाण्याआधी निवडीचे कॅम्प एकामागून एक असतात. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन कॅम्पला तर जास्तच. एक सांगून ठेवतो: चांगला संघ परीक्षेच्या वेळापत्रकाशी सतत भांडत असतो. कॉलेजच्या प्राचार्यांना एनसीसी आवडते की नुसती सहन होते, यावर मुलीचे सबमिशन वाचतात की बुडतात ते ठरतं. प्रवेश घेण्याआधी तिथल्या सीनियर मुलींना हे थेट विचारा.

कॅम्पबद्दल तुम्ही काळजीने विचारलंय. वार्षिक कॅम्प साधारण दहा दिवसांचा. मुलींची राहण्याची सोय वेगळी, सोबत महिला एएनओ किंवा गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टर असतात. पहाटे उठणं, पीटी, परेड, वर्ग, ताट हातात घेऊन मेसची रांग, संध्याकाळी खेळ, रात्री आळीपाळीने पहारा. मोबाइल बहुतेक वेळ जमा. पहिल्या दोन रात्री रडणाऱ्या मुली शेवटच्या रात्री निघताना रडतात. आपल्याकडच्या मुली शिदोरीत कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन जातात आणि पहिल्याच संध्याकाळी तंबूतल्या मैत्रिणींत संपवून टाकतात. नागपूरच्या मुलींना खानदेशी तिखट झेपतं, पुण्याच्या पाणी मागतात.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नावर, म्हणजे करिअरवर.

हवाई दलात वैमानिक व्हायला एनसीसी सक्तीची नाही. बारावीनंतर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आहे, पदवीनंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची प्रवेश परीक्षा, आहे. एनडीएत मुली 2022 पासून जातात, आणि पहिल्या तुकडीतल्या सतरा मुली 30 मे 2025 ला बाहेर पडल्या. तुमची मुलगी दहावीत आहे, म्हणून सर्वांत जवळचं दार हेच. त्यासाठी नाशिकला मुलींची शासकीय सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था 2023 पासून आहे. निवड दहावीच्या वर्षातच होते, लेखी परीक्षा आणि मुलाखत. त्याची जाहिरात हातची सुटू देऊ नका. चाळीसगावहून नाशिक लांब नाही, आणि अकरावीला कुठे बाहेर ठेवायचंच असेल तर मी एअर विंगपेक्षा तिथे ठेवीन.

एअर विंगच्या 'सी' सर्टिफिकेटचं, म्हणजे एनसीसीच्या सर्वांत वरच्या प्रमाणपत्राचं, मोल पदवीनंतर कळतं. एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून फ्लाइंग ब्रँचसाठी एएफकॅटची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, थेट एअर फोर्स सिलेक्शन बोर्डाकडे बोलावतात. दहा टक्के जागा यासाठी राखलेल्या आहेत. पण त्याला सर्टिफिकेट एअर विंगचंच लागतं. आर्मी विंगच्या 'सी'ने लष्कराची स्पेशल एन्ट्री मिळते, हवाई दलाची फ्लाइंगची नाही. बाकी अटी सगळ्यांना सारख्या: बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, पदवीला साठ टक्के, वय वीस ते चोवीस. व्यावसायिक वैमानिक परवाना असेल तर सव्वीसपर्यंत.

तेव्हा क्रम असा लावा. अकरावी-बारावी विज्ञान, गणित सोडायचं नाही. पालक 'जीवशास्त्रही ठेवा, डॉक्टरकी हातची राहील' म्हणतात आणि मग पोरगी दोन्हीकडून दमते. मी असतो तर सोडलं असतं. एनडीए द्यायची. जवळच्या कॉलेजात आर्मी विंगला मुलींच्या जागा असतील तर त्यात घालायला हरकत नाही. ड्रिल, फायरिंग, कॅम्प, चारचौघांत उभं राहून बोलणं हे तिथेही तितकंच होतं, आणि सिलेक्शन बोर्डाला तेच दिसतं. एनडीए झालं नाही तर पदवीला नागपूर, पुणे किंवा मुंबईत एअर विंग असलेलं कॉलेज शोधायचं आणि पहिल्याच वर्षी भरती व्हायचं, कारण 'सी'पर्यंत पोचायला तीन वर्षं लागतात. दुसऱ्या वर्षी भरती झालेली मुलगी पदवी संपेपर्यंत त्याखालच्या 'बी'वरच अडकते. आर्मी विंगमधून तिकडे जाताना आधीची वर्षं धरतात का, हे त्या स्क्वाड्रनच्या ऑफिसात प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. नागपूर आपल्याला तसं सोयीचं, भुसावळहून रात्रीची गाडी धरली की सकाळी पोच.

एक गोष्ट मात्र आत्ताच, या आठवड्यात करा. मुलीची उंची भिंतीला टेकवून मोजा आणि डोळे तपासा. फ्लाइंग ब्रँचला उंची साधारण 162-163 सेंटिमीटर लागते, पायांची लांबी आणि बसल्यावरची उंचीही मोजतात, कारण कॉकपिटमध्ये मावायचं असतं. रंगांधळेपणाची तपासणी शहरातल्या कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे काही मिनिटांत होते. माझ्या हाताखालची अत्यंत हुशार मुलं शेवटच्या मेडिकलला याच कारणांनी परत आली. ते आधी कळलं असतं तर त्यांनी हवाई दलाच्याच टेक्निकल शाखेची तयारी मनापासून केली असती. आणि वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. पहिल्या बोलावण्याला 'अनुभव म्हणून जाऊन येऊ' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

हवाई दल नको, एअरलाइनच हवी असेल, तर ही सगळी वाट वेगळी आहे. तिथे एनसीसीचा थेट उपयोग नाही. दोनशे तासांचं उड्डाण, डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या नागरी विमान खात्याच्या, परीक्षा आणि लाखांत मोजायचा बराच पैसा लागतो, आणि प्रशिक्षण तर धुळे-जळगावलाच होऊ शकतं. तिथेही पैसे भरण्याआधी क्लास टू मेडिकल, म्हणजे वैमानिकांसाठीची पहिली वैद्यकीय तपासणी, करून घ्यायची, नंतर नाही.

मुलीला तोवर वाट बघायला लावू नका. बाल्सा मिळाला नाही तर थर्माकोलच्या तुकड्यातून ग्लायडर कापायला द्या, नाकाला चिकणमाती लावायला सांगा. जळगावला येणं झालं तर रविवारी सकाळी सहाला तिला मैदानावर घेऊन या. येताना ब्लेड, पॉलिश पेपर आणि जुना शर्ट आणा, बाकीचं सामान माझ्याकडे आहे.